निकाल अंतिम झाल्यानंतर

येरवडा मध्यवर्ती कारागृहातल्या दोन कैद्यांना २४ जून २०१९ रोजी फाशी द्यावी, असे वॉरंट पुण्याच्या सत्र न्यायालयाने त्या वर्षीच्या १० एप्रिलला काढले होते. गुन्हा १ नोव्हेंबर २००७ च्या रात्रीचा. रात्रपाळीला निघालेल्या बावीस वर्षांच्या तरुणीला कंपनीने ठरवून दिलेल्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने गहुंजे परिसरात नेले, तिच्यावर अत्याचार केला आणि तिचा जीव घेतला. ज्या गाडीच्या भरवशावर पुण्यातल्या आईबापांनी मुलींना रात्रपाळीच्या नोकऱ्या करू दिल्या होत्या, त्याच गाडीत हे घडले. मार्च २०१२ मध्ये सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, त्याच वर्षी उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि ८ मे २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले. राज्यपालांनी दयेचा अर्ज नाकारला, २६ मे २०१७ रोजी राष्ट्रपतींनीही नाकारला. सगळ्या पायऱ्या संपल्या होत्या. तरीही ठरलेल्या तारखेच्या तीन दिवस आधी मुंबई उच्च न्यायालयाने अंमलबजावणी थांबवली, आणि २९ जुलैला फाशी रद्द करून त्या जागी ३५ वर्षांची कैद दिली.

सर्वोच्च न्यायालयाने कायम केलेली शिक्षा त्याच्या खालचे न्यायालय कशी काय बदलते? तेव्हा हा प्रश्न वृत्तपत्र वाचणाऱ्या सामान्य माणसाला पडला होता, तसाच तो अनेक वकिलांनाही पडला होता. या संग्रहातले निकाल त्या एका प्रश्नाभोवती जमवले आहेत. त्यातले बहुतेक महाराष्ट्रातले आहेत आणि काही थेट येरवड्याच्या भिंतीआडचे. कायद्याची पदवी नसलेल्या वाचकालाही ते वाचता यावेत म्हणून या प्रस्तावनेत थोडी वाट आखून देतो.

सुरुवात नियमापासून करू, कारण अपवादांच्या गोष्टी सांगताना नियम झाकोळून जातो. फौजदारी न्यायालयाने निकालपत्रावर एकदा सही केली की त्या निकालात त्याला फेरफार करता येत नाही. लेखनातली चूक किंवा आकडेमोडीतली चूक दुरुस्त करता येते, तेवढीच. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ३६२ होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ४०३ आहे. मजकूर जवळपास तोच. न्यायाधीशाला दुसऱ्या दिवशी सकाळी वाटले की सात वर्षे जास्त झाली, पाच पुरली असती, तरी तो काही करू शकत नाही. त्याचे काम तिथे संपलेले असते. उच्च न्यायालयाकडे अंगभूत अधिकार असतात, पण त्या अधिकारांच्या आडून हे कलम ओलांडता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी बजावले आहे. चूक असेल तर वरच्या न्यायालयात अपील करावे. स्वतःचाच निकाल पुन्हा उघडू नये.

हा नियम मला मनापासून पटतो. निकाल कधीच संपत नसेल तर साक्षीदाराला कधीच निर्धास्त होता येणार नाही. ज्यांचे माणूस गेले त्यांना दर दोन-चार वर्षांनी तीच रात्र पुन्हा न्यायालयात ऐकावी लागेल. आणि ज्याच्याकडे पैसा आहे तो न्यायाधीश बदलेपर्यंत अर्ज करत राहील. हा धोका काल्पनिक नाही. पुनर्विचार याचिकांचा ढीग पाहिला की कळते, त्यातल्या बहुतेकांत नवे काहीच नसते. हरलेले अपीलच नव्या मथळ्याखाली पुन्हा मांडलेले असते.

सर्वोच्च न्यायालयाच्या वर अपील नाही. तिथे चूक झाली तर? संविधानाच्या अनुच्छेद १३७ ने त्या न्यायालयाला स्वतःच्या निकालाचा पुनर्विचार करण्याचा अधिकार दिला आहे. पण फौजदारी प्रकरणात तो नियमांनीच आखडलेला आहे. चूक अभिलेखावर उघड दिसणारी हवी, तीस दिवसांत अर्ज हवा, आणि तो सहसा न्यायमूर्तींच्या दालनातच, वकिलांचा युक्तिवाद न ऐकता, निकाली निघतो. २ सप्टेंबर २०१४ च्या मोहम्मद आरिफ निकालाने यात एक बदल केला. फाशीच्या प्रकरणात पुनर्विचार याचिका किमान तीन न्यायमूर्तींनी खुल्या न्यायालयात ऐकावी, असे घटनापीठाने सांगितले. युक्तिवादाला कमाल अर्धा तास. हा अर्धा तास महाराष्ट्रातल्या काही माणसांच्या बाबतीत किती मोलाचा ठरला ते पुढे येईल.

पुनर्विचारही फेटाळला गेला तर उरते क्युरेटिव्ह याचिका. ती संविधानात लिहिलेली नाही. रूपा अशोक हुर्रा प्रकरणात १० एप्रिल २००२ रोजी न्यायालयाने ती घडवली. नैसर्गिक न्याय डावलला गेला असेल किंवा न्यायमूर्तींच्या निःपक्षपातीपणाबद्दलची महत्त्वाची बाब उघड झाली नसेल, अशा मोजक्याच कारणांसाठी ती आहे. ज्येष्ठ वकिलाने तसे प्रमाणपत्र द्यावे लागते.

या संपूर्ण कायद्याच्या मुळाशी दोन मराठी नावे आहेत, हे फारसे कुणी सांगत नाही. पहिले नरेश मिरजकर. मुंबईच्या एका बदनामी खटल्यातल्या साक्षीदाराची साक्ष छापू नये, असा तोंडी आदेश उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांनी दिला होता. पुढे नागरी हक्कांच्या चळवळीचे अग्रणी झालेले हेच ते तारकुंडे. वार्ताहर मिरजकर त्या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६६ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितले की न्यायालयाच्या न्यायिक आदेशाला मूलभूत हक्कांचा भंग म्हणून अनुच्छेद ३२ खाली, म्हणजे हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याच्या वाटेने, आव्हान देता येणार नाही. म्हणजे तो दरवाजा बंद. दुसरे नाव बॅ. अ. र. अंतुले. मुख्यमंत्रिपदावरून गेल्यावर त्यांच्यावर चाललेला भ्रष्टाचाराचा खटला विशेष न्यायालयातून काढून उच्च न्यायालयाकडे द्यावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी १६ फेब्रुवारी १९८४ रोजी दिला होता. २९ एप्रिल १९८८ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने पाच विरुद्ध दोन अशा बहुमताने तो आदेश मागे घेतला: कायद्याने जे न्यायालय ठरवून दिले ते काढून घेण्याचा अधिकार आम्हालाही नव्हता, आणि न्यायालयाच्या चुकीचा फटका पक्षकाराला बसता कामा नये. अंतुल्यांच्या राजकारणाबद्दल कुणाचे काहीही मत असो, त्या दिवशी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची चूक कबूल करण्याची रीत घालून दिली. एकीकडे मिरजकर, दुसरीकडे अंतुले, आणि नंतरचे सगळे निकाल या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी उभे आहेत.

आता पुन्हा येरवड्याकडे.

फाशीचे वॉरंट म्हणजे काय, हे बहुतेकांनी पाहिलेले नसते. १९७३ च्या संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीत त्याचा नमुना होता, क्रमांक ४२. एका पानाचा कागद. वर कारागृह अधीक्षकाला उद्देशून मायना, कैद्याचे नाव, खटल्याचा क्रमांक, उच्च न्यायालयाने शिक्षा कायम केल्याचा उल्लेख, मग वेळेची आणि जागेची मोकळी जागा, आणि खाली एक सूचना: शिक्षा अमलात आल्याची नोंद करून हा कागद न्यायालयाला परत पाठवावा. तो सत्र न्यायालयाच्या कचेरीतून निघतो आणि काम झाल्यावर तिथेच परततो. म्हणजे निकाल लागल्यानंतरही शिक्षा ही सत्र न्यायालय, गृह विभाग आणि कारागृह यांच्यात हिंडणारी एक फाइल असते. कुणीतरी ती पुढे सरकवायची असते.

येरवड्याच्या त्या प्रकरणात ती सरकलीच नाही. राष्ट्रपतींनी २६ मे २०१७ ला अर्ज फेटाळला आणि वॉरंट निघाले १० एप्रिल २०१९ ला. पावणेदोन वर्षांहून जास्त काळ दोन माणसे रोज मृत्यूची वाट पाहत कोठडीत होती, आणि त्या काळात कुठलाही अर्ज प्रलंबित नव्हता, कुठलीही स्थगिती नव्हती, कुणा वकिलाने तारीख मागितलेली नव्हती. कागद नुसता पडून होता. त्याआधी दयेच्या अर्जांवरही कचेऱ्यांनी आपला वेळ घेतला होता. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ते फाशीची ठरलेली तारीख यांत चार वर्षे दीड महिना गेला.

उच्च न्यायालयाने जे पाहिले ते एवढेच. दोष सिद्ध झाला की नाही, फाशी योग्य होती की नाही, हा विषय न्यायमूर्ती धर्माधिकारी आणि न्यायमूर्ती स्वप्ना जोशी यांच्यासमोर नव्हताच. त्रिवेणीबेन प्रकरणात १९८९ मध्ये घटनापीठाने ही रेषा स्पष्ट आखली होती: शिक्षा अंतिम झाल्यानंतर न्यायालय तिच्या योग्यायोग्यतेत पुन्हा शिरणार नाही, पण त्यानंतर काय घडले, किती उशीर झाला आणि तो कुणामुळे झाला, हे ते तपासू शकते. अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचे संरक्षण फाशीच्या कैद्यालाही अखेरच्या श्वासापर्यंत असते. २१ जानेवारी २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालाने याच पायावर पंधरा कैद्यांची फाशी रद्द केली आणि अकारण, अवाजवी उशीर ही स्वतःच एक छळणूक आहे असे म्हटले. तेव्हा उच्च न्यायालयाने सर्वोच्च न्यायालयाला खोडले, हे खरे नाही. निकाल होता तिथेच राहिला. शासनाला तो ज्या पद्धतीने अमलात आणायचा होता, ती पद्धत घटनाबाह्य ठरली. ९ डिसेंबर २०२४ रोजी न्यायमूर्ती अभय ओक यांच्या पीठाने हे सगळे उचलून धरले. ३५ वर्षांचा आकडा आला तो २००८ च्या स्वामी श्रद्धानंद निकालापासून रुळलेल्या वाटेने: फाशी आणि सर्वसाधारण जन्मठेप यांच्या मधली, ठरावीक वर्षांची कैद उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय देऊ शकतात.

इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. याच येरवड्यात मुंबई हल्ल्यातल्या अजमल कसाबला २१ नोव्हेंबर २०१२ रोजी फाशी दिली गेली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्याच वर्षीच्या २९ ऑगस्टचा. राष्ट्रपतींनी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अर्ज फेटाळला आणि तीन महिने पुरे व्हायच्या आत सगळे आटोपले. म्हणजे शासनाला मनात आणले तर कागद हलवता येतो. मग गहुंजेच्या प्रकरणात वर्षानुवर्षे तो का हलला नाही? त्या मुलीच्या घरच्यांना काय उत्तर द्यायचे? फाशीची शिक्षा असावी की नसावी यावर माझे मत वेगळे आहे आणि ते इथे आणत नाही. पण ज्यांना ती हवी होती त्यांच्या पदरात निराशा टाकली ती वकिलांनी नाही, न्यायालयानेही नाही. कचेऱ्यांनी टाकली. डिसेंबर २०२४ च्या निकालात म्हणूनच सविस्तर निर्देश आहेत: राज्यांनी दयेच्या अर्जांसाठी स्वतंत्र कक्ष उभारावा, शिक्षा अंतिम होताच सत्र न्यायालयाने प्रकरण स्वतःहून फलकावर घेऊन शासनाकडून माहिती मागवावी, कैद्याला वॉरंट मिळाल्यापासून फाशीपर्यंत पंधरा दिवस तरी मिळावेत. वाचकाने ते निर्देश नीट वाचावेत. त्यातल्या प्रत्येक ओळीमागे कुठल्यातरी कचेरीतली एक ढिलाई आहे.

कोल्हापूरच्या गावित बहिणींचे प्रकरण याच रांगेतले. लहान मुलांचे अपहरण आणि खून यांसाठी त्यांना झालेली फाशी सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २००६ रोजी कायम केली. दयेच्या अर्जांचा शेवट व्हायला २०१४ उजाडले. १८ जानेवारी २०२२ रोजी उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली, मात्र थेट सुटकेची मागणी नाकारली. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून तोवर पंधरा वर्षे उलटली होती. गुन्ह्याच्या भयानकतेबद्दल खंडपीठाला तसूभरही शंका नव्हती, आणि ते निकालपत्रात दिसते.

राठी हत्याकांडाची गोष्ट वेगळी आहे. संग्रहात ती सर्वांत अस्वस्थ करणारी आहे. ऑगस्ट १९९४ मध्ये पुण्यात एकाच घरातल्या पाच स्त्रिया आणि दोन मुले अशा सात जणांचा खून झाला. पुणेकरांची एक पिढी ते अजून विसरलेली नाही. १९९८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने दोघांना फाशी सुनावली; ५ सप्टेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली; पुनर्विचारही फेटाळला गेला. दोघांपैकी एकाची फाशी पुढे राष्ट्रपतींनी जन्मठेपेत बदलली. दुसरा तुरुंगातच शिकला, आणि वर्षानुवर्षे एकच गोष्ट सांगत राहिला की गुन्ह्याच्या वेळी तो अल्पवयीन होता.

राजस्थानातल्या त्याच्या गावच्या शाळेच्या नोंदवहीत जन्मतारीख सापडली. तिथे त्याचे नावही वेगळे लिहिलेले होते, आणि तो मुलगा हाच, हे आधी सिद्ध करावे लागले. पुण्याच्या प्रधान जिल्हा न्यायाधीशांनी चौकशी करून अहवाल दिला. नोंदीप्रमाणे गुन्ह्याच्या दिवशी त्याचे वय साडेबारा वर्षांचे होते. २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले आणि त्याला सोडून द्यायला सांगितले. अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तो आत होता. बालन्याय कायद्याखाली त्याला जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता आले असते.

साडेबारा वर्षांचा मुलगा असे काही करू शकतो यावर मन विश्वास ठेवायला तयार होत नाही. न्यायालयालाही तो प्रश्न पडला होता, आणि त्याने निकालात स्पष्ट म्हटले की असल्या अंदाजावर वयाचा निर्णय करता येणार नाही. इथे निकाल अंतिम असूनही दरवाजा उघडला, कारण तो संसदेनेच उघडा ठेवला होता. २०१५ च्या बालन्याय कायद्याचे कलम ९(२) सांगते की गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन असल्याचा दावा कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर, प्रकरणाचा अंतिम निकाल लागल्यानंतरसुद्धा करता येतो. न्यायालयाच्या अधिकाराची मर्यादा हा विषय न्यायालयापुरताच नसतो, हे या निकालावरून दिसते. विधिमंडळ ती मर्यादा पुढे-मागे सरकवू शकते. इथे सरकवली, हे योग्यच झाले. मात्र अटकेच्या पहिल्या आठवड्यात कुणीतरी त्या मुलाला शाळा विचारली असती तर राठी कुटुंबाच्या नातेवाइकांनाही १९९४ सालीच एक खरा, टिकणारा निकाल मिळाला असता.

अंकुश मारुती शिंदे आणि इतर विरुद्ध महाराष्ट्र शासन हा निकाल वाचकाने सावकाश वाचावा अशी माझी विनंती आहे. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००३ च्या एका दरोडा, बलात्कार आणि खुनांच्या प्रकरणात भटक्या समाजातल्या सहा मजुरांना २००६ साली फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. म्हणजे जे तिघे जन्मठेपेवर होते त्यांची शिक्षा वाढवली. अवघ्या तेरा दिवसांनी, १३ मे २००९ रोजी, महाराष्ट्रातूनच गेलेल्या बरियार खटल्यात त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने सांगितले की १९९५ चा रावजी निकाल, जो फक्त गुन्ह्याचे क्रौर्य पाहायला सांगतो आणि गुन्हेगाराची परिस्थिती बाजूला ठेवतो, तो गुन्हा आणि गुन्हेगार दोन्ही पाहायला सांगणाऱ्या बचनसिंग प्रकरणातल्या घटनापीठाच्या निकालाशी विसंगत आहे, आणि त्यावर विसंबून पुढे अनेकांना फाशी दिली गेली. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना लिहून अशा तेरा कैद्यांची फाशी रद्द करण्याची विनंती केली. त्यात हे सहा जण होते. स्वतः रावजीला मात्र १९९६ मध्येच फाशी झालेली होती.

शिंदे प्रकरणात ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपला २००९ चा निकाल मागे घेतला आणि अपिले पुन्हा ऐकली. ५ मार्च २०१९ रोजी न्यायमूर्ती सिक्री, नझीर आणि शहा यांच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष सोडले. शिक्षा कमी झाली असे नाही. दोषच उरला नाही. घटनेच्या साक्षीदार स्त्रीने पोलिसांच्या छायाचित्रांतून दुसऱ्याच चार माणसांना ओळखले होते, आणि त्यांचा तपास झालाच नव्हता. न्यायालयाने शासनाला प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सांगितले आणि तपास अधिकाऱ्यांवर कारवाईचे निर्देश दिले. सोळा वर्षे गेली होती. या प्रकरणात शासनाने कसाबच्या वेळची तत्परता दाखवली असती तर २०१९ साली निर्दोष ठरवायला ती माणसे उरली नसती. उशिराला मी वर नावे ठेवली आणि इथे त्याच उशिराने सहा जीव वाचवले, हे मला ठाऊक आहे. हा ताण कायद्यातच आहे आणि तो लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

आणखी दोन निकाल थोडक्यात. १२ एप्रिल २०१९ रोजी महाराष्ट्रातल्याच एका फाशीच्या कैद्याची पुनर्विचार याचिका सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली. निकालात त्याचे नाव नाही, फक्त ‘आरोपी एक्स’. शिक्षेनंतर जडलेला गंभीर मानसिक आजार हे फाशी न देण्याचे कारण ठरू शकते, असे न्यायालयाने त्यात सांगितले आणि त्याला मरेपर्यंत कैद देऊन उपचारांची व्यवस्था करायला लावली. मोहम्मद आरिफ निकालामुळे फेरसुनावणीचा मार्ग मोकळा झाला नसता तर हे घडले नसते. दुसरा निकाल नागपूरच्या वसंता दुपारे प्रकरणातला, २५ ऑगस्ट २०२५ चा. अपील, पुनर्विचार, दया, सगळे संपल्यावरही फाशीची शिक्षा ठरवतानाची प्रक्रिया २०२२ च्या मनोज निकालातल्या निर्देशांप्रमाणे झाली नसेल, तर अनुच्छेद ३२ खाली फक्त शिक्षेचा भाग पुन्हा उघडता येईल, असे तीन न्यायमूर्तींनी म्हटले. दोषसिद्धी जशीच्या तशी. हा रोजचा रस्ता होऊ देणार नाही, अशी तंबीही त्यांनी दिली. १९६६ च्या मिरजकर निकालापासून इथवरचे अंतर मोजायला हे एकच वाक्य पुरे: त्या वेळी न्यायिक आदेशापुढे बंद झालेले अनुच्छेद ३२ चे दार आता एका अरुंद कारणापुरते किलकिले झाले आहे. ते तसेच अरुंद राहावे, असे मला वाटते. गुन्हा शाबीत झाला की नाही, हा वाद त्या दारातून आत येऊ देऊ नये.

फाशीच्या प्रकरणांवर इतका भर दिला याचा अर्थ साध्या कैद्याला हा विषय लागू नाही, असा नाही. येरवड्यातले बहुसंख्य सिद्धदोष बंदी वर्षे मोजणारे आहेत. अभिनेता संजय दत्तची दोषसिद्धी सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०१३ रोजी कायम केली आणि शिक्षा सहाऐवजी पाच वर्षांची केली. पुनर्विचार आणि क्युरेटिव्ह याचिका त्याच वर्षी फेटाळल्या गेल्या. तो २५ फेब्रुवारी २०१६ ला येरवड्यातून मुदतीआधी बाहेर पडला तो कारागृहाच्या माफीच्या नियमांनी. ती पाच वर्षांची शिक्षा न्यायालयाने बदललेली नव्हती. शासनाने तिची अंमलबजावणी कमी केली होती. हा फरक समजला नाही की गल्लत होते. त्या वेळी पुष्कळांची झालीही. आणि ज्याचे नाव वृत्तपत्रात येत नाही त्याचे काय? उत्तर प्रदेशातल्या एका माणसाला वीज खात्याच्या सामानाच्या चोरीच्या नऊ खटल्यांत दोन-दोन वर्षे झाली होती. त्या शिक्षा एकत्र भोगायच्या, असे कुणी लिहिले नाही, म्हणून त्याच्या वाट्याला अठरा वर्षे आली. उच्च न्यायालयाने हात वर केले. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या शिक्षा एकत्र चालतील असे सांगून त्याला सोडवले. निकालपत्रातली एक ओळ राहून गेल्याने असे किती जण आत बसले आहेत, हे प्रत्येक कारागृहाने आपल्या नोंदवहीत तपासायला हवे.

शेवटी नव्या कायद्याबद्दल, कारण या संग्रहातले बहुतेक निकाल जुन्या संहितेखालचे आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७२ ने दयेच्या अर्जाला मुदती घातल्या. अधीक्षकाने कैद्याला अपील फेटाळल्याचे किंवा शिक्षा कायम झाल्याचे कळवल्यापासून तीस दिवसांत अर्ज करायचा. राज्यपालांनी नाकारल्यावर राष्ट्रपतींकडे जायला साठ दिवस. मुदत असणे चांगले आहे. पण त्याच कलमाच्या शेवटी असेही आहे की राष्ट्रपती किंवा राज्यपाल यांचा निर्णय अंतिम असेल आणि त्या निर्णयापर्यंत ते कसे आले याची कोणत्याही न्यायालयात चौकशी होणार नाही. दयेच्या निर्णयाची मर्यादित तपासणी न्यायालय करू शकते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने संविधानातून काढले आहे. साध्या कायद्याच्या एका उपकलमाने ते पुसता येईल असे मला वाटत नाही. हा वाद न्यायालयात होईल, आणि तो लढताना या संग्रहातले निकाल हाताशी लागतील.

तोवर घड्याळ मात्र सुरू झालेले असते. अधीक्षकाचा कागद ज्या दिवशी कैद्याच्या हातात पडतो त्या दिवसापासून तीस दिवस. इतक्या वेळात वकील मिळायचा, कागद जमवायचे, आजाराच्या नोंदी काढायच्या, अर्ज लिहायचा. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या वकिलांना माझी कळकळीची विनंती आहे: निकाल लागला त्याच आठवड्यात कारागृहात जाऊन अशिलाला भेटा. निकालपत्राची प्रत त्याला समजेल त्या भाषेत वाचून दाखवा, कारागृहाच्या दवाखान्यातले त्याचे कागद मागवा. आणि सगळ्यात आधी, तो कोणत्या गावच्या शाळेत गेला होता, हे विचारा.